घामावरून नसांची टेस्ट: खान्देशातून सतत येणारे प्रश्न

शुगरच्या पेशंटचे पाय तपासणं आणि नंतर घरच्यांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. जळगाव-धुळ्याकडे कुठे कॅम्प झाला की संध्याकाळपासून फोनवर रिपोर्टचे फोटो यायला लागतात, हे ५२ म्हणजे काय, पिवळ्यात आलंय घाबरायचं का, वगैरे. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथे एकत्र केलेत. आधी साधे, मग अडचणीचे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रत्यक्ष बघून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. ही घामाची टेस्ट म्हणजे नक्की काय करतात?

दोन्ही हातांचे तळवे आणि दोन्ही तळपाय धातूच्या प्लेटवर ठेवायचे, दोन-तीन मिनिटं हलायचं नाही, झालं. सुई नाही, रक्त नाही. प्लेटमधून अगदी कमी व्होल्टेज सोडतात, ४ व्होल्टच्या आत. एवढ्याशा व्होल्टेजला कातडीचा वरचा कोरडा थर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे जो काही करंट वाहतो तो घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांमधूनच वाहतो, आणि घामातलं क्लोराइड प्लेटपर्यंत किती पोचतंय त्यावरून मशीन आकडा काढतं. आकडा मायक्रोसिमेन्समध्ये असतो, ० ते १००. आपल्याकडे बरेच जण या टेस्टला सरळ सुडोस्कॅन म्हणतात, ते फ्रान्सच्या इम्पेटो मेडिकल कंपनीच्या मशीनचं नाव आहे.

२. पण घामाचा आणि नसांचा काय संबंध? घाम तर उन्हाने येतो ना?

ऊन लागतं हे मेंदूला कळतं, पण ग्रंथीला 'घाम सोड' हा निरोप नसच देते. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात, त्यातल्या सगळ्यात दाट तळहात आणि तळपायाला. त्यांच्यापर्यंत ज्या नसा जातात त्या अतिशय बारीक, त्यांच्यावर मायलिनचं आवरणसुद्धा नसतं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की अशा बारीक नसांना बऱ्याचदा आधी फटका बसतो आणि त्यातही ज्या सगळ्यात लांब त्या आधी, म्हणजे पायाच्या बोटांकडून सुरुवात. निरोप पोचेनासा झाला की ग्रंथी गप्प बसते, घाम कमी होतो, आणि तळपाय कोरडा पडायला लागतो.

हे मी डोळ्यासमोर बघितलंय. रावेरकडचे एक आबा शुगरच्या गोळ्या न्यायला आले होते, केळीच्या बागेतून थेट. कपाळावर घामाच्या धारा, बनियन ओलं, आणि चप्पल काढायला लावली तर तळपाय कोरडेठाक, चकचकीत, टाचेच्या भेगांमध्ये चिखल बसलेला. हात फिरवताना अंगठ्याखाली काहीतरी टोचलं, बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. आबांना त्याचा पत्ताच नव्हता. कोरडी कातडी फाटते, भेगेतून जंतू आत जातात, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, पायाची जखम चिघळायची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. आबांचं नुकसान तेव्हा बरंच पुढे गेलेलं होतं. घामाच्या टेस्टचा उपयोग त्याच्या आधी आहे, काटा टोचलेला अजून कळतो त्या काळात.

३. माझं एनसीव्ही नॉर्मल आलं तरी रात्री तळपायांची आग होते. मग आता घामाची टेस्ट कशाला?

कारण एनसीव्ही जाड नसांची टेस्ट आहे. ज्या नसांवर आवरण असतं, ज्या स्नायू हलवतात आणि कंपन, स्पर्श कळवतात, त्यांचा वेग ती मोजते. आग होणं, गरम-गार कळणं, टोचणं, घाम येणं ही बारीक नसांची कामं आहेत आणि त्या एनसीव्हीत दिसतच नाहीत. त्यामुळे 'सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत' असं ऐकून आलेले पेशंट मला नेहमी भेटतात आणि फार वाईट वाटतं. आग खरी असते, ती टेस्ट दुसऱ्या नसांची झालेली असते.

बारीक नसा बघायच्या तर दोन-तीन रस्ते आहेत. डॉक्टरांनी टाचणी आणि गरम-गार लावून बघणं, घामाची टेस्ट, आणि घोट्याच्या वर साधारण १० सेंटीमीटरवरून ३ मिलिमीटर कातडीचा तुकडा घेऊन त्यातले नसांचे धागे मोजणं. शेवटची टेस्ट सगळ्यात भरवशाची धरतात पण ती मोठ्या शहरातच होते आणि प्रत्येकाला लागतेच असं नाही.

४. उपाशीपोटी यायचं का? करंट बसतो का? हात-पाय धुवून यायचं का?

उपाशी यायची गरज नाही. करंट जाणवत नाही, फार तर कुणाला हलकीशी मुंगी येते. हात-पाय साबणाने धुवून नीट पुसून या. तेल, व्हॅसलीन, भेगांचं मलम त्या दिवशी लावू नका, कारण प्लेट आणि कातडीच्या मध्ये थर बसतो. शेतात अनवाणी काम करून टाचेला जाड घट्टे पडले असतील तर ते टेस्ट करणाऱ्याला आधी दाखवा. आणि उन्हातून गाडीवर आल्या आल्या प्लेटवर उभं राहू नका, थोडं सावलीत बसा, श्वास खाली येऊ द्या.

५. रिपोर्टमध्ये पाय ५२, हात ६८ लिहिलंय. चांगलं की वाईट?

बऱ्याच रिपोर्टवर तीन रंग असतात. ढोबळमानाने ६० च्या वर हिरवा, ४० ते ६० पिवळा, ४० च्या खाली नारिंगी किंवा लाल. म्हणजे तुमचे हात ठीक, पाय मधल्या पट्ट्यात. शुगरमध्ये पाय आधी घसरतात आणि हात नंतर, त्यामुळे पायाचा आकडा हातापेक्षा कमी असणं हे त्या चित्रात बसतं. उलटं असेल, पाय चांगले आणि हात कमी, तर प्रश्न १५ बघा.

५२ म्हणजे ५२ टक्के नसा शिल्लक आहेत असं नाही, हा गैरसमज फार आहे. तो फक्त त्या दिवशी त्या तळव्यांच्या ग्रंथींनी दिलेला आकडा आहे.

६. म्हणजे ६० च्या खाली आलं की न्यूरोपॅथी (नसांचा आजार) पक्की?

नाही. आणि हे जरा सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण कॅम्पमधून परत येताना लोक हाच निकाल डोक्यात घेऊन येतात.

एक, वय वाढतं तसा आकडा थोडा खाली येतो. दोन, निरोगी माणसांच्या अभ्यासात भारतीय आणि चिनी लोकांचे आकडे गोऱ्या लोकांपेक्षा कमी निघालेत, म्हणजे तिकडची रेषा जशीच्या तशी आपल्याला लावली तर चांगला माणूससुद्धा पिवळ्यात जाऊ शकतो. तीन, काही औषधांनी घाम कमी होतो, त्यासाठी प्रश्न १६. चार, प्लेट पुसलेली नव्हती, पाय नीट टेकला नव्हता, कातडी जाड होती, असल्या साध्या कारणांनीही आकडा पडतो. आणि डॉक्टरांमध्येही या टेस्टबद्दल एकमत नाही, काही जण ती आवर्जून वापरतात, तर काही जण म्हणतात की तिच्यावरचे बरेच अभ्यास कंपनीशी संबंध असलेल्यांनी केलेत आणि आकड्यांमध्ये सुसंगती कमी आहे.

माझं मत विचाराल तर ही टेस्ट वाईट नाही पण एकटी कामाची नाही. आकडा कमी, पाय कोरडे, टाचणी बोथट लागते आणि शुगर दहा वर्षांची, असं सगळं एका दिशेला बोट दाखवत असेल तर त्या आकड्याला वजन आहे. बाकी सगळं छान आणि फक्त आकडा ५७, तर पुढच्या वेळी परत बघायचं एवढंच.

७. ही टेस्ट कोणी करावी? मला शुगर नाही, बॉर्डरलाइन आहे.

बॉर्डरलाइनवालेही यात येतात, शुगर पूर्ण वाढायच्या आधीच काहींच्या बारीक नसांना त्रास सुरू झालेला असतो. शुगर असलेल्यांसाठी नियम सोपा आहे, टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी नसांची तपासणी व्हायला हवी. ही तपासणी म्हणजे घामाची टेस्टच असं नाही, प्रश्न ८ मध्ये जे आहे ते पुरतं. घामाची टेस्ट जास्तीची माहिती देते.

शुगरशिवायही कारणं आहेत. रोजची दारू, बी१२ कमी असणं, थायरॉइड, किडनीचा आजार, कॅन्सरच्या पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिन्क्रिस्टीनसारख्या केमो, आणि टीबीची आयसोनियाझिड गोळी (म्हणून तर तिच्यासोबत बी६ देतात). तुम्ही यातल्या कशात बसत असाल आणि पायाला मुंग्या, आग, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना सांगा. काहीच त्रास नाही, काहीच आजार नाही, आणि फक्त फुकट आहे म्हणून रांगेत उभं राहायचं, त्याची गरज नाही.

८. कॅम्पमध्ये पायाला थरथरणारं यंत्र लावलं होतं. तेच का हे?

ते वेगळं, बायोथेसिओमीटर. ते कंपन किती व्होल्टला जाणवतं ते मोजतं, २५ व्होल्टच्या वर गेलं की पायाला जखम व्हायचा धोका जास्त धरतात. तेही जाड नसांचंच काम. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क म्हणजे त्याचाच बिनविजेचा भाऊ. तिसरी गोष्ट म्हणजे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, नायलॉनचा धागा, जो वाकेपर्यंत तळपायाला टेकवतात आणि डोळे मिटून 'लागलं' म्हणायचं असतं.

हा धागा जरा नीट लावला तर पेशंटलाच बघून धक्का बसतो. घरातली सून शेजारी उभी असते, तिला धागा टेकलेला दिसतोय आणि सासूबाई शांत बसल्यात, 'लागलं' म्हणतच नाहीत. त्या क्षणी घरच्यांना जे कळतं ते कुठल्याच रंगीत रिपोर्टने कळत नाही. धागा कळत नसेल तर पाय आधीच धोक्यात आहे, तिथे घामाची टेस्ट नवीन काही सांगणार नाही (प्रश्न २१).

९. निळी पट्टी गुलाबी होते ती टेस्ट पण हीच का? आणि आयोडीनवाली?

तत्त्व तेच, घाम येतोय का बघायचं, पद्धत वेगळी. पट्टीत कोबाल्टचं मीठ असतं, चप्पल-मोजे काढून थोडं थांबायचं, पट्टी तळपायाला अंगठ्याच्या मागे चिकटवायची आणि १० मिनिटं थांबायचं. ओल मिळाली की निळ्याची गुलाबी होते. निळीच राहिली किंवा ठिपके-ठिपके राहिले तर घाम कमी. न्यूरोपॅड नावाने ती मिळते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये तिची शिफारस करायचं टाळलं, कारण पट्टीच्या निकालामुळे पेशंटच्या उपचारात पुढे काय फरक पडतो हे दाखवणारा पुरावा नव्हता.

आयोडीन आणि स्टार्चची पद्धत मायनर नावाच्या डॉक्टरांची, १९२८ ची. कातडीला आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरवतात, घाम आला तिथे काळं-जांभळं होतं. मोठ्या सेंटरला क्यूसार्ट नावाची टेस्ट असते, तिच्यात ॲसिटिलकोलीन कातडीत सोडून ग्रंथी उत्तर किती देते ते मोजतात. आपल्या भागातल्या पेशंटला तिची वेळ क्वचितच येते. आणि कृपा करून यूट्यूब बघून घरी आयोडीन लावू नका, शुगरच्या पायाची कातडी भाजली तर ती भरायला महिने लागतात.

१०. जळगाव, धुळे, नंदुरबारला कुठे होते ही टेस्ट? नाशिक-पुण्याला जावं लागेल का?

मशीन कुठे चालू आहे आणि कुठे फक्त कॅम्पपुरतं येतं हे बदलत राहतं, त्यामुळे मी दवाखान्यांची नावं देत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि 'घामाची टेस्ट' असं न म्हणता 'सुडोस्कॅन किंवा सुडोमोटर टेस्ट होते का' असं विचारा, नाहीतर दुसऱ्याच टेस्टला बोलावतील (प्रश्न १३).

पण त्याच्याही आधीची गोष्ट. शहादा, चोपडा, चाळीसगावहून फक्त या टेस्टसाठी गाडीभाडं करून जाऊ नका. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मेडिसिन ओपीडीत धागा, फोर्क, टाचणी यांनी तपासणी होऊ शकते. जिथे एनसीव्हीचं मशीन आहे तिथे त्याच मशीनवर एसएसआर नावाची टेस्टही करता येते, तीही तळहात-तळपायाच्या घामाच्या नसांचीच. ती थोडी ढोबळ आहे, साठीच्या पुढे चांगल्या माणसातही कधी कधी येत नाही, पण प्रवास वाचतो. तीस वर्षांच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत बघतात, सुरुवात तिथून करा.

११. मला तर खूप घाम येतो, रुमाल ओला होतो. मग माझ्या नसा चांगल्याच असणार ना?

घाम कुठे येतो ते बघा. पायाकडचा घाम बंद झाला की शरीर गरमी बाहेर टाकायला वरच्या भागाला जास्त कामाला लावतं, म्हणून डोकं, मान, छातीला धो धो घाम आणि पाय कोरडे, असं चित्र जुन्या शुगरमध्ये दिसतं.

अजून एक प्रकार आहे. शेवभाजीचा झणझणीत रस्सा खाल्ला की आपल्या सगळ्यांनाच घाम फुटतो, त्यात काही नाही. पण साधा दही-भात खाताना, पहिल्या दोन घासांतच कपाळ आणि मानेला घाम सुटत असेल आणि शुगर जुनी असेल तर तेही घामाच्या नसांच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. अंगाला दरदरून घाम, थरथर आणि भूक एकदम लागली तर मात्र आधी शुगर तपासा, ती कमी झालेली असेल.

१२. उन्हाळ्यात टेस्ट करावी की हिवाळ्यात? आपल्याकडे मे महिन्यात भट्टीच असते.

टेस्टला ऋतू बघायची गरज नाही, फक्त खोली फार गरम किंवा फार गार नको. दरवेळी साधारण सारख्याच वातावरणात केली तर तुलना बरी होते.

उन्हाळ्याबद्दल खरी काळजी वेगळी आहे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि ज्याचा घाम मोठ्या भागावर बंद झालाय त्याचं अंग थंडच होत नाही, त्याला उष्माघात लवकर गाठतो. अशा माणसाने दुपारी बारा ते चार शेतात थांबायचं नाही, डोक्यावर आणि अंगावर ओलं फडकं ठेवायचं. 'मला घाम येत नाही म्हणजे मला ऊन मानवतं' असं म्हणणारे लोक आहेत, त्यांना घरच्यांनी जबरदस्तीने सावलीत बसवा.

१३. लहान मुलांची 'स्वेट टेस्ट' असते ती हीच का?

नाही. ती सिस्टिक फायब्रोसिससाठी, तिच्यात पायलोकार्पीनने घाम आणून त्यातलं क्लोराइड लॅबमध्ये मोजतात. तिचा न्यूरोपॅथीशी संबंध नाही.

१४. हातावर एक फिकट चट्टा आहे, तिथे घाम येत नाही आणि केस पण गेलेत. मशीनवर दाखवू का?

मशीनवर नको, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि उद्याच. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम नाही, स्पर्श कळत नाही, ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. मशीन फक्त तळवे मोजतं, चट्टा त्याला दिसणारच नाही. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आजार पूर्ण बरा होतो, आणि लवकर सुरू केलं तर नसा वाचतात. लोक काय म्हणतील म्हणून महिनोन्महिने फुल बाहीचा शर्ट घालून फिरणारी पोरं बघितलीत मी. त्या महिन्यांतच बोटं वाकडी होतात. आई-वडिलांनी हे वाचलं असेल तर पोराला रागावू नका, सोबत जा.

१५. एकाच पायाचा आकडा कमी आलाय. किंवा पाय चांगले, हात कमी. असं कसं?

शुगरचं नुकसान दोन्ही पायांना साधारण सारखं असतं. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर आधी टेस्ट परत करा, बऱ्याचदा पाय नीट टेकलेला नसतो. परत तसंच आलं तर कारण त्या एका बाजूलाच शोधायचं, जुनं फ्रॅक्चर, कंबरेतून दबलेली नस, ऑपरेशनची जागा, कातडीचा आजार, किंवा प्रश्न १४ मधलं.

हात कमी आणि पाय चांगले असतील तर एक प्रश्न विचारतात, तळहाताला फार घाम येतो म्हणून छातीतली नस कापायचं ऑपरेशन झालंय का? झालं असेल तर हाताचा आकडा पडणारच, तो आजार नाही.

१६. माझ्या बऱ्याच गोळ्या चालू आहेत. टेस्टआधी बंद करू का?

स्वतःहून एकही बंद करू नका. यादी किंवा पाकिटं सोबत न्या. अमिट्रिप्टिलीन (जी गंमत म्हणजे पायाच्या आगीसाठीच देतात), लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, कंपवातातली ट्रायहेक्सीफेनिडिल, मायग्रेन-फिटसाठीची टोपिरामेट, यांनी घाम कमी होऊ शकतो. थांबवायची का, किती दिवस, हे ज्यांनी लिहून दिली तेच ठरवतील.

१७. फवारणी करून आल्यावर नवऱ्याला खूप घाम येत होता, तोंडाला पाणी सुटत होतं. नसांची टेस्ट करू का?

ताई, टेस्ट नाही, १०८ ला फोन. कापसावर मारायची काही कीटकनाशकं शरीरातलं ॲसिटिलकोलीन मोडू देत नाहीत, तेच रसायन घामाच्या ग्रंथीला निरोप देतं, म्हणून घाम, लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुली बारीक, उलटी, स्नायू उडणं असं सगळं एकदम होतं. ही विषबाधा आहे आणि श्वास बंद पडू शकतो. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे किंवा पिशवी घालून. औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायात मुंग्या किंवा ताकद कमी वाटली तर परत दाखवा, काही कीटकनाशकांचा परिणाम नसांवर असा उशिरा येतो. तेव्हा नसांची तपासणी करायची.

१८. पेसमेकर आहे / गरोदर आहे / पायाला जखम आहे. चालेल का?

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं विजेवर चालणारं कुठलंही यंत्र असेल तर नको. गरोदरपणात करत नाहीत. तळव्याला उघडी जखम असेल तर आधी जखमेचं बघा. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी कानाला चिघळतं, तर आधी सांगा.

१९. रिपोर्टमध्ये 'हार्टच्या नसांचा धोका' असा पण एक आकडा आहे. मला हार्टचा त्रास आहे का?

काही मशीन तळव्यांचा आकडा आणि वय, वजन, उंची घालून असा अंदाज छापतात. तो हिशोब आहे, हृदय कुणी तपासलेलं नाही. हृदयाच्या नसा बघायच्या तर ईसीजी लावून खोल श्वास घ्यायला लावतात, झोपल्यावर आणि उभं राहिल्यावर बीपी बघतात. उठल्यावर अंधारी येते, बसल्या जागी ठोके शंभरच्या आसपास असतात, असं काही असेल तर डॉक्टरांना हे नक्की सांगा, आकडा हिरवा असला तरी.

२०. माय म्हणते 'पायले मुंग्या येतस', आकडा ४५ आलाय. आता हे भरून येतं का? आणि परत टेस्ट कधी?

गेलेली नस पूर्ण परत आणणारी गोळी नाही. पुढचं नुकसान थांबवता येतं किंवा हळू करता येतं, आणि लवकर सापडलं तर काहींचं सुधारतंही. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या पेशंटची शुगर कडक सांभाळल्यावर न्यूरोपॅथी साधारण ६० टक्क्यांनी कमी झाली होती. टाइप २ मध्ये एवढा मोठा फायदा दिसत नाही, तिथे बीपी, वजन, तंबाखू, चालणं सगळंच धरावं लागतं.

मायची बी१२ तपासून घ्या. आपल्याकडे बरीच घरं माळकरी, शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, आणि मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं. नुसत्या शुगरला दोष देत बसलो आणि बी१२ राहून गेलं, असं होऊ नये. ते भरून काढता येतं.

एक सावधगिरी, फार वाढलेली शुगर घाबरून एकदम दोन महिन्यांत खाली ओढली तर उलट आग वाढलेली दिसते. डॉक्टरांच्या वेगाने जा. आगीसाठी प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिनसारखी औषधं आहेत, ती आग कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत.

परत टेस्ट वर्षाने, पायाच्या तपासणीसोबत, शक्यतो त्याच मशीनवर. ४५ चे ४८ झाले म्हणून पेढे नको आणि ४३ झाले म्हणून रडणं नको, एवढा फरक असाच होतो.

२१. वडिलांचे पाय पूर्ण बधिर आहेत, मागे बोट कापलंय. त्यांची करू का घामाची टेस्ट?

नको. ही टेस्ट लवकर शोधण्यासाठी आहे, त्यांचं उत्तर आधीच मिळालंय. ते पैसे एमसीआरच्या (मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपलेत घाला, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली, मोजमाप देऊन बनवलेली. रोज रात्री तळपाय तुम्ही बघा, त्यांना खाली वाकून दिसत नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यात नको.

२२. चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचंय, नवस अनवाणीचा आहे. टेस्ट हिरवी आलीय, मग चालेल ना?

दरवर्षी मार्चपासून हा प्रश्न येतो. खान्देशातून लाखो पावलं सप्तशृंगीकडे निघतात आणि डांबर तेव्हा तव्यासारखं तापलेलं असतं. हिरवा आकडा म्हणजे तळपायाला चटका कळेल याची खात्री नाही, टेस्ट घामाच्या नसांची झालीय, चटक्याची नाही. शुगर असेल तर निघण्याआधी धाग्याने आणि गरम-गारने पाय तपासून घ्या. त्यात जरा जरी कमी निघालं तर अनवाणी नको. नवसाबद्दल मी कोण बोलणार, पण घरातल्या मोठ्यांशी बोला, बरेच जण शेवटच्या पायऱ्या तेवढ्या अनवाणी चढतात आणि रस्ता बूट घालून चालतात. सुती मोजे जास्तीचे घ्या, नवीन बूट वाटेत पहिल्यांदा घालू नका, पहाटे आणि संध्याकाळी चाला. प्रत्येक मुक्कामाला सोबतच्या माणसाला टॉर्च लावून तळपाय बघायला सांगा, आणि फोड दिसला तर तो फोडू नका, स्वच्छ पट्टी बांधा आणि पुढचा रस्ता गाडीने जा.